सातवा महिना, दोन देश आणि साखर



गेल्या अंकात आपण उन्हाळ्यातल्या विजेच्या बिलाबद्दल बोललो. या वेळचा विषय जरा नाजूक आहे. इंजिनियर माणसाने बाळंतपणावर लिहावं म्हणजे अतीच झालं, असं काही जणींना वाटेल. पण यातला अर्धा भाग वैद्यकाचा असला तरी उरलेला अर्धा वेळापत्रकाचा आणि कागदपत्रांचा आहे, आणि तेवढं आम्हाला कळतं. औषध काय घ्यायचं ते डॉक्टरच सांगतील. तपासणी कधी करायची आणि ती राहून का जाते, एवढंच आम्ही सांगणार आहोत.

बहारीनमधल्या आपल्या मुलींचं पहिलं बाळंतपण अजूनही बरेचदा माहेरीच होतं. त्यात वावगं काहीच नाही. पहिलटकरणीला आई जवळ हवी असते, आणि इथे नवरा सकाळी सहाला सित्र्याच्या नाहीतर अल्बाच्या बसमध्ये बसला की दिवसभर घरात दुसरं माणूस नसतं. मग ठरतं असं : सातव्या महिन्यात डोहाळजेवण उरकायचं आणि लगेच विमानात बसायचं. विमान कंपन्याही घाई करायला लावतात. बहुतेक कंपन्या २८ आठवड्यांनंतर डॉक्टरांचं पत्र मागतात, आणि साधारण ३६ आठवड्यांनंतर नेतच नाहीत. म्हणून तिकीट काढलं जातं ते २५ ते २८ आठवड्यांच्या आसपासचं.

आता वैद्यकाचं वेळापत्रक बघा. गर्भारपणातल्या डायबिटीसची मुख्य तपासणी करायची असते २४ ते २८ आठवड्यांत. म्हणजे नेमकी त्याच महिन्यात! हिरवी साडी, ओटी, पेढा की बर्फी, बॅगांचं वजन, आणि मधेच दोन तास लॅबमध्ये बसून ग्लुकोजचं पाणी प्यायचं. इथले डॉक्टर म्हणतात, "पुढच्या भेटीत करू." पुढची भेट होते तिकडे. तिकडचे डॉक्टर बत्तिसाव्या आठवड्यात जाडजूड फाईल बघतात आणि तपासणी झालीच असेल असं धरून चालतात. यात चूक कुणाची? तशी कुणाचीच नाही. दोन पाइपांच्या जोडावर गळती होते तसं हे आहे. दोन्ही पाइप धड असतात, गळतो तो सांधा.

आमच्या ओळखीतल्या एका घरात अगदी असंच झालं. नावगाव सांगत नाही, पण "लिहा, दुसऱ्या कुणाला उपयोग होईल," असं त्यांनी स्वतःच सांगितलं म्हणून लिहितो. मुलगी अंगाने बारीक, वय एकोणतीस, पहिली खेप. सव्वीस आठवडे झाले तेव्हा माहेरी गेली. तपासणी इथे झाली नाही आणि तिथेही झाली नाही. शेवटच्या महिन्यात पोट मोठं दिसायला लागलं तेव्हा सगळे खूश, "बाळ चांगलं बाळसेदार आहे." बाळ सव्वाचार किलोचं निघालं. डोकं बाहेर आलं आणि खांदा अडकला. डॉक्टरांनी शिकस्त करून सोडवलं, पण पहिल्या तासातच बाळाची साखर खाली गेली आणि ते थरथरायला लागलं. चार दिवस काचेच्या पेटीत ठेवावं लागलं. आज तो मुलगा शाळेत जातो, छान पळतो. पण त्या चार दिवसांत बाप इथे मनामात फोन धरून बसला होता. तिकीट मिळेना, आणि सासऱ्यांना नीट सांगताही येईना की काय झालंय. हे सगळं दोन तासांच्या एका तपासणीवर अडलं होतं.

हे होतं कसं, ते थोडक्यात. गर्भ वाढतो तशी वार मोठी होते आणि काही हार्मोन्स सोडते. त्यांच्यामुळे आईच्या शरीरात इन्सुलिनचा जोर कमी पडतो. हे बाळाच्या सोयीसाठीच आहे, कारण जेवणानंतर साखर आईच्या रक्तात जरा जास्त वेळ राहिली की बाळाला मिळते. बहुतेक बायकांचं स्वादुपिंड जास्त इन्सुलिन करून हिशेब जुळवतं. ज्यांचं जुळवू शकत नाही त्यांची साखर चढते. आता गंमत अशी, की साखर वारेतून पलीकडे जाते, पण आईचं इन्सुलिन जवळजवळ जात नाही. मग बाळ बिचारं स्वतःचं इन्सुलिन भराभर करू लागतं. इन्सुलिन हे वाढीचंही खत आहे. त्यामुळे बाळाच्या अंगावर, विशेषतः खांद्यापोटावर, चरबी चढते. जन्मल्यावर नाळ कापली की वरून येणारी साखर एकदम बंद, पण बाळाचं इन्सुलिन मात्र चालूच. म्हणून साखर कोसळते. कोपनहेगनच्या योर्गेन पेडरसन या डॉक्टरांनी १९५०च्या दशकात ही साखळी मांडली, आणि ती मूळ गोष्ट आजही तशीच शिकवली जाते. अमेरिकेत एम.एस. करताना कंट्रोल सिस्टिम्सच्या वर्गात आम्ही जे शिकलो तेच इथे आहे : मागणी बंद झाली तरी पंप लगेच थांबत नाही.

आईला काय होतं? बहुधा काहीच जाणवत नाही, आणि घोळ आहे तो इथेच. तहान, थकवा, वारंवार लघवी हे तर गरोदरपणात सगळ्यांनाच होतं. म्हणून लक्षणांची वाट बघून चालत नाही, मोजावंच लागतं. साखर वाढलेली असेल तर रक्तदाब वाढण्याचा आणि सिझेरियन लागण्याचा संभव वाढतो. बाळाला कावीळ किंवा श्वासाचा त्रासही होऊ शकतो.

आता घरोघरचा आक्षेप : "अहो, ती तर काडीसारखी आहे, तिला कसला डायबिटीस?" याचं उत्तर आपल्या पुण्यातच मिळालं आहे. केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ साली पुण्याजवळच्या सहा खेड्यांत एक अभ्यास सुरू केला. गर्भार होण्याच्या आधीपासून बायकांची मोजमापं घ्यायची, आणि मग त्यांच्या बाळांची. ही बाळं सरासरी २.७ किलोची भरली. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची होती. पण वजन, उंची, स्नायू सगळं कमी असताना कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. दिसायला बारीक आणि आतून चरबीचं, असं आपलं बाळ जन्मतःच असतं. पुढे २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश मित्र जॉन युडकिन यांनी स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बी.एम.आय. सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के! तेव्हा बारीक असणं ही आपल्याकडे डायबिटीस न होण्याची हमी नाही. वजनकाटा आपल्या लोकांशी पुरतं खरं बोलत नाही.

आणि आपण राहतो ते बेट तर डायबिटीसचं माहेरघरच आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या बहारीनमधल्या एका पाहणीत दहा हजारांहून जास्त गर्भवतींची तपासणी झाली होती. त्यात शंभरात तेराहून अधिक जणींना गर्भारपणातला डायबिटीस निघाला. सल्मानिया आहे, १९०३ पासून चालत आलेलं अमेरिकन मिशन हॉस्पिटल आहे, खाजगी दवाखाने आहेत. तपासणीची सोय नाही असं इथे कुणाला म्हणता यायचं नाही. गाठायची आहे ती वेळ.

"सापडून तरी फायदा काय, उगाच पोरीला घाबरवायचं," असंही ऐकू येतं. फायदा मोजला गेला आहे. ऑस्ट्रेलियाच्या पुढाकाराने हजार गर्भवतींवर झालेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींवर आहार, साखरेचं मोजमाप आणि लागलं तर इन्सुलिन असे उपचार झाले, उरलेल्यांची नेहमीसारखी काळजी घेतली गेली. बाळाला गंभीर इजा किंवा त्याहून वाईट असं काही होण्याचं प्रमाण उपचार न झालेल्यांत ४ टक्के होतं, उपचार झालेल्यांत १ टक्का. आणखी एक : २००८ साली नऊ देशांतल्या तेवीस हजारांवर बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की आईची साखर जसजशी वाढते तसतसा धोका हळूहळू चढत जातो. अमुक आकड्याला एकदम लाल दिवा लागतो असं नाही. म्हणून "थोडीशीच जास्त आहे" याला फार अर्थ नाही. थोडीशी कमी केली तरी तेवढा लाभ आहेच.

आमच्या सौ.ना दुसऱ्या खेपेला हे निघालं होतं, म्हणून घरातला अनुभव सांगतो. बहुतेक जणींना आहार आणि चालणं एवढ्यावर भागतं, त्यांचंही तसंच भागलं. भूक मारायची नसते. बाळ वाढतंय, उपाशी कसं राहायचं? फक्त एका ताटाची तीन ताटं करायची. सकाळी साखर जास्त चढते असं मीटरने दाखवलं, तेव्हा पोह्यांची बशी अर्धी झाली आणि शेजारी मोडाची मटकी आली. साबुदाण्याची खिचडी तेवढे महिने बंद. भात एक वाटी, आधी कोशिंबीर आणि उसळ. मनामाच्या आपल्या दुकानांत ज्वारीचं पीठ मिळतं, तेव्हा रात्री भाकरी. खजूर या देशात प्रत्येक घरी पुढे केला जातो. नाही म्हणवत नाही, तर एकच घ्यायचा. जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं चालायचं. हिवाळ्यात समुद्राकाठी आणि जुलैमध्ये मॉलमध्ये, दुकानांकडे न बघता (हे आमच्याने जमलं, सौ.चं माहीत नाही!). डॉक्टरांनी आकडे दिले होते : उपाशीपोटी ९५ च्या आत, जेवल्यावर एका तासाने १४० च्या आत. भिंतीवर तक्ता लावला आणि रोज लिहीत गेलो. एवढं करूनही साखर उतरली नाही तर इन्सुलिन घ्यावं लागतं. त्याला भिण्याचं कारण नाही, आणि त्यात आईचा काही दोषही नसतो. दोष असलाच तर तो वारेच्या हार्मोन्सचा.

आता पुन्हा सांध्याकडे येऊ, कारण दोन देशांत आणखी दोन भानगडी आहेत. पहिली पद्धतीची. जागतिक आरोग्य संघटनेची २०१३ पासूनची पद्धत अशी : रात्रभर उपाशी राहून यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं आणि तीनदा रक्त द्यायचं. उपाशीपोटी ९२, एका तासाने १८० किंवा दोन तासांनी १५३, यातला एक आकडा जरी गाठला तरी निदान होतं. भारत सरकारच्या सूचनांप्रमाणे मात्र उपाशी असण्याची अट नाही. ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायचं, दोन तासांनी एकदाच मोजायचं, आणि १४० किंवा जास्त आलं तर डायबिटीस धरायचा. शिवाय ही तपासणी पहिल्याच भेटीत एकदा आणि २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा करायला सांगितलं आहे. म्हणजे "सुरुवातीला केली होती, नॉर्मल होती" हे उत्तर पुरेसं नाही. वार मोठी झाल्यावरच खरी परीक्षा असते.

दुसरी भानगड एककांची. इथल्या लॅबचा रिपोर्ट बरेचदा मिलिमोलमध्ये असतो, आपल्याकडचा मिलिग्रॅममध्ये. इथला ५.१ म्हणजे तिकडचा ९२. सूत्र सोपं आहे, १८ ने गुणायचं. ८.९ हा आकडा इवलासा वाटतो, पण तो १६० आहे! बार आणि पी.एस.आय.चा घोळ आपण प्लांटवर होऊ देत नाही, मग बायकोच्या फाईलमध्ये का होऊ द्यायचा? नवरेमंडळींनी हे काम अंगावर घ्यावं. एका कागदावर तारीख, आठवडा, तपासणी, आकडा आणि एकक असं लिहून काढायचं, आणि तो कागद बॅगेत नव्हे, तिच्या पर्समध्ये ठेवायचा.

त्याच कागदावर आणखी दोन गोष्टी. एक, रक्तगट. आईचा निगेटिव्ह आणि वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अँटी-डीचं इंजेक्शन देतात ते साधारण २८ व्या आठवड्यात, म्हणजे पुन्हा त्याच प्रवासाच्या दिवसांत. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर बाळंतपणानंतर ७२ तासांच्या आत दुसरं. हे चुकलं तर त्रास होतो तो पुढच्या बाळाला. दुसरी गोष्ट रक्तदाब. विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० किंवा जास्त भरला तर दुर्लक्ष करू नये. वारेकडे रक्त कमी पोचतं, बाळाची वाढ खुंटते, आणि आईला झटके येण्यापर्यंत मजल जाऊ शकते. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे चमकणं, बरगड्यांखाली पोटात दुखणं, चेहरा आणि हात एकाएकी सुजणं, यातलं काही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. "दिवस भरत आले की सूज येतेच" हे आजीचं म्हणणं पायांपुरतं ठीक आहे. चेहऱ्यावरच्या सुजेला ते लागू करू नये. आणि हा दाब बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांतही वाढू शकतो, हे घरातल्या सगळ्यांना माहीत हवं.

बाळ झालं. आईला गर्भारपणातला डायबिटीस होता हे तिथल्या डॉक्टरांना आधी ठाऊक असलं, तर बाळाच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन साखर बघतात आणि पहिल्या तासातच अंगावर पाजायला लावतात. आईचं पहिलं चिकाचं दूध हाच बाळाचा उत्तम आधार. मध चाटवायची हौस मात्र आवरावी. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये असं डॉक्टर सांगतात.

वार पडली की बहुतेकींची साखर झटकन उतरते, आणि घरात सगळे म्हणतात, "सुटलो." इथे दुसरी गळती होते. बाळंतपणानंतर ६ ते १२ आठवड्यांत ती ग्लुकोजची तपासणी पुन्हा एकदा करायची असते. आता बघा, तेव्हा बाळंतीण कुठे असते? शेक-शेगडी संपून, बारसं उरकून, बाळाचा पासपोर्ट आणि व्हिसा करून परत इथे यायच्या गडबडीत. डिंकाचे आणि अळिवाचे लाडू चालूच असतात. तिकडचे डॉक्टर म्हणतात बहारीनला जाऊन करा, आणि इथे आल्यावर सगळ्या भेटी बाळाच्या लसीच्या. आईची स्वतःची फाईल त्या दिवशी मिटते ती मिटतेच.

वर सांगितलेल्या त्या घरात हेच घडलं. सात वर्षांनी नव्या नोकरीसाठी मेडिकल झालं तेव्हा बाईंना डायबिटीस निघाला, आणि तो बराच आधीपासून असावा असं डॉक्टर म्हणाले. ज्यांना गर्भारपणात डायबिटीस झाला त्यांना पुढे कायमचा होण्याचा संभव इतर बायकांच्या मानाने सात ते दहा पट असतो. पण तो टाळता येतो किंवा बराच लांबवता येतो : वजन आटोक्यात, रोज चालणं, बाळाला अंगावर पाजणं, आणि दर एक ते तीन वर्षांनी एक तपासणी. पुढच्या खेपेला तर दिवस राहिल्याबरोबरच डॉक्टरांना सांगायचं. अशा आईच्या मुलांनाही पुढे लठ्ठपणा आणि डायबिटीसचा धोका जास्त असतो, म्हणजे घरातलं ताट बदलायचं ते सगळ्यांचंच.

आमची सूचना साधी आहे. तिकीट काढायच्या आधी तपासणीची तारीख घ्या. चोवीस आठवडे पूर्ण झाले की लगेच करता येते, आणि रिपोर्ट बहुधा एक-दोन दिवसांत हातात येतो. मग डोहाळजेवण करा, खुशाल ओटी भरा. परतीचं तिकीट काढतानाही तेच : सहा आठवडे झाल्यावर तिकडेच तपासणी उरकून मगच विमानात बसायचं, नाहीतर इथली तारीख आधी फोन करून ठरवायची. सासूबाईंना आणि आईलाही हा अंक वाचायला द्या. त्यांनी मनावर घेतलं तर आपलं कोण ऐकतंय ही तक्रारच उरत नाही.

आपल्या मंडळात डॉक्टरमंडळी बरीच आहेत. त्यांच्यापैकी कुणी एखाद्या शुक्रवारी तासभर दिला, तर नव्याने आलेल्या जोडप्यांसाठी प्रश्नोत्तरांचा छोटा कार्यक्रम करता येईल. जागा, चहा आणि खुर्च्यांची व्यवस्था आमच्याकडे लागली. चहा अर्थातच बिनसाखरेचा.